एव्हरग्लेड्सच्या पावसाळ्यात आरव्ही कोरडी ठेवताना

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला दोनच ऋतू. डिसेंबर ते मेच्या मध्यापर्यंत कोरडा, मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत ओला. एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कात लोक येतात ते बहुतेक कोरड्या ऋतूत, आणि तिथल्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीतल्या, कॅम्पिंगबद्दल मिळणारी माहितीही त्याच दिवसांची असते. आम्ही मात्र मुद्दाम जून ते सप्टेंबरमध्ये जात आलो आहोत. कॅम्पग्राउंड जवळजवळ रिकामं असतं, दुपारचे ढग बघण्यासारखे असतात, ऑर्किडं फुलतात, दुभंगलेल्या शेपटीच्या घारी ऑगस्टपर्यंत डोक्यावर तरंगत असतात, आणि जुलै-ऑगस्टच्या सुमाराला मगरीची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात. प्राणी मात्र हिवाळ्याइतके दिसत नाहीत. पाणी सगळीकडे असल्याने ते पांगलेले असतात, हे आधीच धरून चालावं.

पाऊस वर्षाला सरासरी ६० इंच, म्हणजे १५०० मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण आरव्हीचं नुकसान पावसाच्या आकड्याने होत नाही. पाऊस छतावर पडतो आणि वाहून जातो. गाडी खाते ती हवेतली ओल. उन्हाळ्यात इथला दवबिंदू ७५ ते ७८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २४-२५ अंश सेल्सियसवर ठाण मांडून असतो, रात्रीसुद्धा. याचा अर्थ असा की आतली कुठलीही वस्तू त्याहून थंड असेल आणि बाहेरची हवा तिला लागली, तर तिच्यावर पाणी धरणारच. एसीच्या झडपा, गादीखालचं प्लायवूड, कपाटाची मागची बाजू, सगळं एसीमुळे थंड झालेलं असतं.

म्हणूनच थंड प्रदेशातला नेहमीचा सल्ला, ‘छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, हवा खेळती राहू द्या’, इथे उलटा पडतो. मिनेसोटात तो बरोबर आहे, कारण तिथे बाहेरची हवा कोरडी असते. एव्हरग्लेड्सच्या जुलैमध्ये उघडी झडप म्हणजे ओल आत घेण्याची वाट. इथे गाडी बंद ठेवायची, अगदी घट्ट, आणि आतली हवा यंत्राने कोरडी करायची. जागा निवडण्यापासून डासांपर्यंत बाकी सगळं या एका गोष्टीला धरून येतं.

गाडी बंद ठेवायची म्हणजे वीज हवी. पार्कातली दोन मोठी कॅम्पग्राउंड म्हणजे लाँग पाइन की आणि फ्लेमिंगो. लाँग पाइन की उन्हाळ्यात बंद असतं. फ्लेमिंगो वर्षभर चालू असतं आणि तिथल्या काही जागांना ३० आणि ५० अँपची वीज आहे. पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जागेवर नाही. पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय सामाईक आहे. तिसरा पर्याय पार्काच्या उत्तरेला, बिग सायप्रस नॅशनल प्रिझर्व्हमधलं मिडवे, टामियामी ट्रेल रस्त्यालगत. तिथेही वर्षभर वीज असते. समुद्रकिनाऱ्यापासून ते दूर असल्याने खारट दलदलीच्या डासांचा त्रास फ्लेमिंगोपेक्षा कमी, पण वारा कमी आणि उकाडा जास्त. पहिल्यांदा पावसाळ्यात येणाऱ्यांना आम्ही मिडवेच सुचवतो.

विजेशिवाय जनरेटरवर राहता येईल का, हे बरेच जण विचारतात. २,२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर, एसीला सॉफ्ट स्टार्ट (सुरू होतानाचा विजेचा झटका कमी करणारं उपकरण) बसवलेला असेल तर, १३,५०० बीटीयूचा एक एसी ओढतो. पण एका गॅलन पेट्रोलवर जेमतेम तीन-चार तास. शिवाय रात्रीच्या शांततेच्या वेळात जनरेटर बंद करावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच बाहेर २६-२७ अंश सेल्सियस असतं. खिडकी उघडावी तर डास, न उघडावी तर घुसमट. जून ते सप्टेंबरमध्ये वीज नसलेली जागा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी छतावर चढायचं. छत रबराचं, म्हणजे ईपीडीएमचं असो की टीपीओ नावाच्या प्लास्टिकचं, गळती मधल्या सलग भागातून होत नाही. ती होते भोकांच्या कडेने: टाक्यांच्या वायुनळ्या, छताच्या खिडक्या, अँटेना, शिडीचे स्क्रू, कडेच्या दिव्यांचे पाय. प्रत्येक ठिकाणचा जुना सीलंट बोटाने दाबून पाहायचा. भेग दिसली किंवा कड उचललेली असली की ती जागा साफ करून, पूर्ण वाळवून, नवा लॅप सीलंट भरायचा. आडव्या पृष्ठभागावर आपोआप पसरणारा, उभ्या कडेवर न ओघळणारा. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन वापरू नये. एकदा ते लागलं की त्यावर पुढचा कुठलाच सीलंट धरत नाही. बरोबर इटर्नाबाँडसारख्या चिकट टेपचं एक रोल असावं. मुक्कामात गळती सापडली तर जागा कोरडी पुसून लगेच लावता येतं.

आतून तपासायला दोन टोकांचा ओलमापक पुरतो. छताच्या कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, स्लाइडच्या, म्हणजे उभं राहिल्यावर बाहेर सरकवायच्या भागाच्या, कोपऱ्यांत टोचून बघायचं. लाकडात १५ टक्क्यांच्या वर आकडा आला तर संशय धरावा, २० च्या वर असेल तर पाणी कुठून तरी येतं आहे हे नक्की. भाड्याची गाडी घेणाऱ्यांना छतावर चढू देत नाहीत. त्यांनी गाडी ताब्यात घेताना कपाटं उघडून वास घ्यावा. कुबट वास आला तर दुसरी गाडी मागावी. आणि करारात ऑनिंगच्या, म्हणजे गाडीच्या बाजूला उलगडणाऱ्या कापडी छपराच्या, नुकसानीबद्दल काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी वाचावं.

होमस्टेड आणि फ्लोरिडा सिटी ही शेवटची गावं. इंधन, गॅस, किराणा, बर्फ सगळं तिथेच भरून घ्यायचं. मुख्य प्रवेशद्वारापासून फ्लेमिंगो ३८ मैल, म्हणजे ६१ किलोमीटर, आणि वाटेत बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही. या रस्त्यावर रॉक रीफ पास नावाची खिंड लागते, पाटीवर उंची लिहिली आहे ३ फूट. इथली जमीन किती सपाट आहे आणि पाणी का तुंबतं, ते त्या पाटीवरून कळतं.

फ्लेमिंगोला पोचायची वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. अटलांटिक आणि आखात, दोन्ही बाजूंनी समुद्री वारे आत शिरतात, मध्ये भिडतात, आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. संध्याकाळी पोचलात तर जोडण्या करायच्या वेळी डास सर्वांत जास्त. जागा निवडताना फ्लोरिडा बेच्या बाजूची, मोकळी, वारा लागणारी घ्यायची. खारफुटीच्या कडेची सावली दुपारी मोहात पाडते, पण डास दिवसा त्याच सावलीत बसलेले असतात. गाडी पक्क्या पॅडवरच उभी करायची. गवतावर चाक गेलं की पावसानंतर रुततं. जॅकखाली, म्हणजे गाडीला टेकू देणाऱ्या पायांखाली, रुंद पाट हवेतच, एरवी रात्रभराच्या पावसाने एक पाय खचतो आणि सकाळी दार अडकतं.

समतोल साधताना एसीचं पाणी ज्या बाजूने उतरतं त्या बाजूला अगदी अर्धा-एक अंशाचा कल द्यावा. स्लाइडवरच्या कापडावर साचणारं पाणीही मग ओघळून जातं. त्याहून जास्त नको. गॅसवर चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज असेल तर तो आडवा तीन अंशांपलीकडे कललेला चालत नाही. उन्हाळ्यात तो फ्रिज तसाही दमतो. बाहेरच्या झडपेमागे छोटा पंखा लावला तर त्याला दम मिळतो.

आता गाडीची केबल जोडायचा विजेचा खांब. त्याचं झाकण उघडताना हात लगेच आत घालायचा नाही. काडीने उघडायचं, दोन पावलं मागे व्हायचं, बघायचं. आत झाडबेडूक बसलेले असतात, ते निरुपद्रवी. पण लाल आग्यामुंग्याही अशा कोरड्या, उबदार पेटीत घर करतात, आणि पावसाने वारुळं बुडाली की जास्तच. त्या चढल्या की एकदम सगळ्या चावतात आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या येतात. खांबात त्या दिसल्या तर जागा बदलून मागायची. फवारा घेऊन विजेच्या पेटीत मारू नये.

सॉकेटच्या पितळी पट्ट्या काळवंडलेल्या, वितळलेल्या, हिरव्या पडलेल्या नाहीत ना ते टॉर्चने पाहायचं. खाऱ्या हवेत त्या लवकर खराब होतात, संपर्क ढिला होतो, आणि एसीचा भार पडला की प्लग तापतो. खांबावरचा ब्रेकर बंद करून मग प्लग लावायचा, काढतानाही तसंच. मध्ये ईएमएस, म्हणजे नुसता सर्ज प्रोटेक्टर नव्हे तर व्होल्टेज आणि अर्थिंग तपासून गरज पडल्यास वीज तोडणारं उपकरण, हवंच. ते साधारणपणे १०४ व्होल्टखाली आणि १३२ व्होल्टवर वीज तोडतं. केबलला प्लगच्या खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून गळून जातं, प्लगमध्ये शिरत नाही. जिथे दोन केबल जोडल्या असतील तो सांधा जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा ठोकळ्यावर.

हिशोब डोक्यात ठेवावा. ३० अँप म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी १३-१४ अँप, मायक्रोवेव्ह १२, पाण्याचा विजेवरचा हीटर १२, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५, बॅटरी चार्जर ५ पर्यंत. एसी चालू असताना यातली एकच मोठी वस्तू चालते. इथे हीटर लागतच नाही. टाकीतलं पाणी आपणहून कोमट असतं.

एसीबद्दल थोडं सविस्तर, कारण गाडी कोरडी ठेवणारं मुख्य यंत्र तेच. थर्मोस्टॅट ७४ ते ७६ फॅरनहाइटवर, म्हणजे २४ सेल्सियसच्या आसपास. पंखा ‘ऑटो’वर ठेवायचा, सतत चालू नाही. कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत राहिला तर थंड कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येतं, म्हणजे केलेलं काम पुसलं गेलं. एसी नीट चालतो का, ते साध्या थर्मामीटरने कळतं. आत ओढली जाणारी आणि बाहेर फेकली जाणारी हवा यांत १६ ते २२ अंश फॅरनहाइटचा फरक हवा. फार दमट हवेत तो खालच्या टोकाला राहतो, कारण एसीची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. त्याला दोष समजू नये.

थंडावा कमी वाटतो म्हणून थर्मोस्टॅट ६५ वर नेणं हा नेहमीचा घोटाळा. फिल्टर थोडा जरी मळलेला असेल तर हवा कमी फिरते, कॉइल गोठते, आणि एसी नुसता फुसफुसतो. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद करून तासभर नुसता पंखा चालवायचा, बर्फ वितळू द्यायचा, फिल्टर धुवायचा. फिल्टर एरवी आठवड्याने धुतला तर चालतो, इथे दर दोन-तीन दिवसांनी.

छताच्या एसीतून आत पाणी ठिबकलं तर आधी कारण ओळखायचं. पाऊस नाही, एसी चालू आहे आणि ठिबकतं, तर वरच्या तबकाची पाणी जायची भोकं तुंबली आहेत. पानं, चिकट शेवाळ, कधी गांधीलमाशीचं मातीचं घर. एसी बंद आहे, पाऊस पडतो आहे आणि ठिबकतं, तर एसी आणि छत यांच्यामधलं गॅस्केट. आतलं प्लास्टिकचं झाकण उतरवलं की १४ इंची चौकोनी भोक दिसतं. त्यात टॉर्च मारायचा. स्पंजाचं गॅस्केट नवं असताना सुमारे एक इंच जाड असतं, ते दाबून अर्ध्या इंचावर यायला हवं. एखाद्या कोपऱ्यात उजेड दिसला किंवा स्पंज ओला, काळा दिसला, तर चारही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. अर्ध्या इंचाखाली दाबलं तर ते चेपून निकामी होतं, मग नवं घालण्यावाचून इलाज नाही.

खरी परीक्षा उन्हाच्या दिवशी नसते. सकाळपासून झड लागली की बाहेरचं तापमान ७७-७८ फॅरनहाइटवर येतं, एसीला काम उरत नाही, तो दहा मिनिटं चालून तासभर गप्प बसतो. गारवा असतो, पण आर्द्रता ७० टक्क्यांवर चढते, आणि बुरशी याच दिवसांत धरते. त्यासाठी दिवसाला २० ते २२ पिंट पाणी काढणारा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवा कोरडी करणारं यंत्र, बरोबर ठेवावा. दोन ते चार अँप ओढतो, थोडी उष्णता सोडतो, त्यामुळे एसीलाही अधूनमधून चालायचं कारण मिळतं. त्याची नळी सिंकमध्ये सोडू नये, ग्रे टाकी, म्हणजे सिंक-आंघोळीच्या सांडपाण्याची, उगाच भरते. बादलीत घ्यायचं आणि ओतायचं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात ठीक, अख्ख्या गाडीला पुरत नाहीत.

आर्द्रतामापक दोन हवेत, एक बसायच्या जागी आणि एक गादीखाली. गादीखालचाच जास्त महत्त्वाचा. ५० ते ५५ टक्के हे लक्ष्य, ६० च्या वर दोन दिवस राहिलं तर काहीतरी करायला हवं. गादी लाकडी पट्ट्यांवर किंवा जाळीच्या थरावर उचलून ठेवायची. कपाटांची दारं रात्री उघडी. फिरायला बाहेर पडताना वीज वाचवायला एसी बंद करू नये. ८० फॅरनहाइटवर ठेवून जावं.

आता स्वयंपाक, कारण आपल्याकडच्या स्वयंपाकात वाफ फार. एक पौंड प्रोपेन जळला की सुमारे १.६ पौंड पाणी वाफ होऊन हवेत येतं, भाताची आणि डाळीची वाफ वेगळी. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की मापकाचा काटा दहा टक्के वर जाताना दिसतो. त्यामुळे कुकर बाहेर, ऑनिंगखाली, इंडक्शनवर, जीएफसीआय (विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या) सॉकेटला लावून. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी: पाऊस नाही, डास बसलेले. दिवसाचा भात-वरण तेव्हाच करून घ्यायचं. संध्याकाळी नुसतं गरम करायचं. पोहे, रवा, पापड, चिवडा रबरी कडेच्या डब्यांतच, एरवी तासाभरात सादळतात. इडलीचं पीठ पाच-सहा तासांत फुगतं. पातेलं अर्धंच भरावं आणि फुगलं की लगेच फ्रिजमध्ये.

डासांबद्दल अतिशयोक्ती होते असं हिवाळ्यात आलेल्यांना वाटतं. इथला मुख्य डास खारट दलदलीतला काळा डास. त्याची मादी ओलसर मातीत अंडी घालते, आणि भरती किंवा पावसाने ती माती बुडाली की सगळी अंडी एकदम फुटतात. म्हणून मोठ्या पावसानंतर आठवडाभराने डास अचानक वाढतात. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला ते उठतात, पण सावलीत पाऊल टाकलं तर भरदुपारीही. त्यांच्या जोडीला नो-सी-अम नावाची चिलटं, डोळ्याला जेमतेम दिसणारी. आरव्हीच्या खिडकीची साधी जाळी इंचाला १८ बाय १६ धाग्यांची असते, त्यातून ती सरळ आत येतात. त्यांना अडवायला २० बाय २० ची बारीक जाळी लागते.

कपडे सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. घट्ट लेगिंगमधून डास चावतात. निघण्याआधी घरीच कपड्यांवर ०.५ टक्का परमेथ्रिन फवारून पूर्ण वाळवायचं. सुमारे सहा धुण्यांपर्यंत टिकतं. कातडीला ते लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांजवळ तिला येऊ द्यायचं नाही, मांजरांना ते विषारी आहे. उघड्या कातडीवर २० टक्के पिकारिडिन किंवा २५-३० टक्के डीट. आम्ही पिकारिडिन वापरतो, कारण डीटने चष्म्याची काडी, घड्याळाचा पट्टा, मोबाइलचं कव्हर असं प्लास्टिक विरघळतं. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर मग हे. डोक्यावरून घ्यायची जाळी प्रत्येकाला एक, आणि जोडणी करताना ती घातलेलीच.

दाराची शिस्त मात्र लहान मुलांसकट सगळ्यांनी पाळायची. आत जायच्या आधी आतले दिवे बंद. दाराशी उभं राहून अंग झटकायचं. सगळ्यांनी एकत्र, एकाच उघडण्यात आत. पायरीशी बाहेर तोंड केलेला छोटा पंखा लावला तर फार फरक पडतो, कारण डासांना वाऱ्याविरुद्ध नीट उडता येत नाही. आत शिरलेल्यांसाठी आपली नेहमीची विजेची बॅट. बाहेरचा दिवा पिवळा. बाकीच्या वाटा दिवसा शोधून ठेवायच्या: शेगडीवरच्या चिमणीची बाहेरची झडप, स्लाइडचे खालचे कोपरे, सिंकखालून जाणाऱ्या नळ्यांची भोकं. अंधारात बाहेरून कोणी टॉर्च मारला की आतून उजेडाचे ठिपके दिसतात. तिथे फोमचा तुकडा किंवा स्टीलची लोकर कोंबायची. त्याच भोकांतून ओलही येत असते.

दुपारचं वादळ येताना आधी थंड वाऱ्याचा एक झोत येतो, पाऊस त्यानंतर काही मिनिटांनी. तो झोत लागला की ऑनिंग आत. थांबून बघू नये. वाऱ्याचा सेन्सर असला तरी त्याला वेळ लागतो. साध्या पावसात ऑनिंग ठेवायचीच असेल तर एक टोक फूटभर खाली घ्यायचं, म्हणजे पाणी ओघळतं. १५ बाय ८ फुटांच्या कापडावर एक इंच पाणी साचलं तर वजन ६०० पौंडांच्या वर जातं, आणि ऑनिंगचे आधाराचे दांडे तिथेच वाकतात. मोठं वादळ दिसलं तर स्लाइडही आत घ्यावी, पण आधी तिच्या छतावरचं पाणी आणि पानं लांब दांड्याच्या वायपरने काढून. ओली स्लाइड तशीच ओढली की ते पाणी थेट गालिच्यावर येतं.

विजा इथे खूप पडतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर बाहेरचं सगळं सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच. वादळ पोचायच्या आधीच ब्रेकर पाडून केबल खांबापासून काढून ठेवायची. जवळ पडलेली वीज ईएमएसही अडवू शकत नाही. फायबरग्लासच्या आरव्हीपेक्षा पत्र्याच्या छताची मोटार जास्त सुरक्षित, तेव्हा ओढणारी गाडी बरोबर असेल तर तिच्यात बसावं.

टाक्यांकडे थोडं. स्वच्छ पाण्याची टाकी निघण्याआधी ब्लीचने धुवायची. दर १५ गॅलनला पाव कप, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग पूर्ण उपसून दोनदा ताजं पाणी. उकाड्यात दिवसाला दोन-तीन आंघोळी होतात, आणि ४० गॅलनची ग्रे टाकी दोन माणसांत तीन दिवसांत भरते. अख्खी गाडी हलवण्यापेक्षा चाकांची १५ गॅलनची सुटी टाकी परवडते. भरल्यावर नुसतं पाणीच सुमारे १२५ पौंड होतं, तेव्हा ओढायच्या दांड्यासह घ्यावी. ब्लॅक, म्हणजे संडासाच्या, टाकीला उष्णतेत वास लवकर येतो. झडप बंद ठेवायची, प्रत्येक वेळी भरपूर पाणी सोडायचं, एन्झाइमचं औषध नेहमीपेक्षा जास्त वेळा. आणि फ्लश करताना बाथरूमचा छतपंखा बंद, नाहीतर तोच टाकीतली हवा वर ओढतो. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुतली जाते.

पावसात झाडाखाली आडोसा घेण्याची सवय इथे सोडावी लागते. पॉइझनवुड नावाचं झाड इथल्या रानात जागोजागी आहे, सालीवर काळे चिकट डाग असतात. पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. फ्लेमिंगोच्या बाजूला मँचिनील आहे, ते त्याहून विषारी. मरिनाजवळ अमेरिकन मगर आणि गोड्या पाण्यात ॲलिगेटर, दोन्ही आहेत. पावसाळ्यात तळी, चर, रस्त्याकडेची डबकी एकमेकांना जोडलेली असतात, तेव्हा पाण्याच्या काठावर मूल किंवा कुत्रा एकटा सोडायचा नाही. अंधारात रस्त्यावर बेडूक, साप, कधी ॲलिगेटर येऊन बसतात. रात्री गाडी चालवायचं टाळावं.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे हा सगळा मुक्काम त्यातच. २००५ मध्ये कतरिना आणि विल्मा या दोन वादळांनी फ्लेमिंगोचं लॉज उद्ध्वस्त केलं, नवं उघडलं ते २०२३ मध्ये. २०१७ मध्ये इर्माने पुन्हा समुद्र आत आणला. नॅशनल हरिकेन सेंटर सात दिवसांपर्यंतचा अंदाज देतं, तो रोज सकाळी पाहायचा. मोबाइलवर विसंबू नये. १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा हवामान रेडिओ बॅटरीसह ठेवावा. ‘वॉच’ जाहीर होतं ते वादळी वारे पोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी, ‘वॉर्निंग’ ३६ तास आधी. आरव्हीवाल्यांनी वॉचचीही वाट पाहू नये. अंदाजाच्या नकाशात दक्षिण फ्लोरिडा आला की निघायचं. बाहेर जायला रस्ता एकच, पुढे सगळी वाहतूक उत्तरेकडेच, आणि ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात उंच गाडी हाकणं धोक्याचं. म्हणून इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही आणि ग्रे-ब्लॅक टाक्या अर्ध्यावर आल्या की रिकाम्या.

परत आल्यावरचं काम मुक्कामाइतकंच महत्त्वाचं. ओली गुंडाळलेली ऑनिंग ४८ तासांच्या आत उघडून उन्हात वाळवायची, नाहीतर कापडावर काळे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. गाडीचा तळ, पायऱ्या, जॅक, ओढायची कडी गोड्या पाण्याने धुवायची, कारण फ्लेमिंगोची हवाही खारी आणि रस्त्यावर साचलेलं पाणीही. ट्रेलरची चाकं खाऱ्या पाण्यात बुडाली असतील तर बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरून घ्यावं. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन, स्लाइडच्या रबरी सीलना कंडिशनर. गाद्या उभ्या करून, कपाटं उघडी टाकून, डीह्युमिडिफायर आणखी दोन दिवस चालू ठेवायचा. गादीखालचा मापक ५० च्या आत आला की मगच गाडी बंद करून कुलूप लावायचं.